दोन ‘ला’

वांद्रे, कुटुंब न्यायालय, तिसरा मजला.
माझं काम: तमिळ ऐकायचं, मराठी बोलायचं,
आणि मध्ये आपण नव्हतोच असं वागायचं.

पोन्नुताई बोलते, तेव्हा तिच्या भाषेत गोंधळ नसतो.
जे द्यायचं त्याला ‘ऐ’, जो घेणार त्याला ‘क्कु’.
दोन खुंट्या, दोन पिशव्या.
मी मराठीत आणते आणि दारातच अडते:
‘मुलीला आईला द्यावं.’
दोन ‘ला’ एकदम शिरू बघतात, खांद्याला खांदा घासतो.

परबबाईंनी तक्ता घोकून घेतला होता.
द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते.
बाई, दोन्ही सारख्याच, मग दोन कशाला?
‘अर्थावरून कळतं गं.’
पस्तीस वर्षं झाली.

शेजारच्या टेबलावर गुजरातीचे जरीवाला,
त्यांच्या ‘ने’ची हीच रड.
इंग्रजीत नुसती रांग, घेणारा पुढे, वस्तू मागे.
संस्कृतात म्हणे गाय आणि दूध दोन्ही द्वितीयेत,
धार काढताना कोणी भांडत नाही.

वकील हुशार. ते लिहितात, ‘मुलीचा ताबा आईकडे.’
कोणी न बोलावलेला ताबा मध्ये येऊन बसतो
आणि वाक्य सुटतं.
विक्रोळीची आत्या म्हणते, ‘मुलगी आम्हाला द्या.’
बघा, एक ‘ला’ गळाला.
द्यायची वेळ आली की माणसाचाच गळतो:
मुलगी दिली, साताऱ्याला दिली,
शेजारी वाटीभर विरजण द्यावं तशी.

स्वतःबद्दल बोलताना मात्र तो सोडवत नाही.
मला डोंबिवलीला दिलं.
पुन्हा दोन. तरी कोणाचाच घोटाळा झाला नाही,
डोंबिवली काही मला दिलेली नव्हती.

दुपारी चेंबरमध्ये तेन्मोळी उबाळे, वय सात.
आई पूर्ण नाव घेते, बाप तेजू म्हणतो.
मॅडमनी बिस्किटांचा पुडा सरकवला, विचारलं,
‘तुला कोणाला देऊ, बाळा?’
(मॅडमचेही दोन. कोणी मोजले नाहीत.)

तिला दोन्ही भाषा येतात, माझी गरज नव्हती.
मी भिंतीशी उभी.
‘मला आई द्या,’ ती म्हणाली.
तोंडातलं बिस्किट संपेपर्यंत थांबली.
‘आणि बाबांना मी.’

मांजरेकरांची बोटं कीबोर्डवर थबकली.
माझ्याकडे वळून हळूच,
‘बाई, पहिल्यात एक ‘ला’ राहिला का?
मला आईला द्या, असंच ना?
आणि दुसरं तर वाक्यच होत नाही.’

होत नाही. तक्त्यात कुठेच बसत नाही.
परबबाईंनी लाल शाईनं खोडलं असतं,
मी स्वतः दहा जणांचं खोडलंय.
तरी भिंत सोडून दोन पावलं पुढे आले,
दुभाषानं येऊ नये तितकी,
आणि म्हटलं, ‘म्हणाली तसंच लिहा.’
मॅडम काही बोलल्या नाहीत.
कळा पुन्हा वाजू लागल्या.

बाहेर पुढचा पुकारा झाला. कानडी.
कानडीचे हेगडे रजेवर.
मी फाईल काखेत मारून निघाले,
तर तिनं पुडा माझ्यापुढे धरला.
‘तुम्हाला?’

एवढंच वाक्य.
बाकीचं तिच्या हातात होतं.