रश्शाची सात नावं

ॲबर्डीनमध्ये दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
रेहनुमा हॅडक उलटा करते,
बोटानं काटा शोधते. डोळ्यांनी नाही.
बापानं तसंच शिकवलं.

बाप, तोफज्जुल मियाँ, सिल्हेटचा.
तेलविहिरींवरून परतलेल्या माणसांना
एकतीस वर्षं लाल रस्सा वाढत राहिला.
रस्सा एकच, नावं सात.
गिऱ्हाइकं त्याला सॅम म्हणत, तोही ओ देई.
स्वतःचं जेवण रात्री एकनंतर,
मागच्या दारात, पालथ्या क्रेटवर:
भात, शुटकी, सातकोऱ्याची एक फोड.
पोरीचा शाळेचा कोट तेवढा वेळ
आई बाहेर गाडीत ठेवून यायची.

आता तिच्या मेनूवर पहिल्याच ओळीत: शुटकी.
पहिल्या महिन्यात अकरा ताटं तशीच परत आली.
मग पेपरात कुणी लिहिलं, 'धाडसी'.
ते कात्रण फ्रीजरच्या डुगडुगत्या पायाखाली
घडी करून घातलंय. बरं बसलं.

काल बाप आला. दाढी विंचरून, टाय लावून.
खिडकीजवळचं टेबल नको म्हणाला,
भटारखान्याच्या दाराला पाठ लावून बसला.
'केवढ्याला लावलंस हे?'
'चौदा पौंड.'
चमचा खाली ठेवला त्यानं.
मग हातानंच जेवला,
शितही न ठेवता, कुणाकडे न बघता.

काटे मात्र रुमालात बांधून
खिशात घातले,
शेजारच्या टेबलाला वास जाऊ नये म्हणून.