दोन सेव्ह

नऱ्ह्यातली खोली, एक कॉम्प्युटर, दोन सेव्ह.
माझ्यात मी मुकुटाचा, वैजनाथच्यात तो मीठवाल्यांचा.
"मिठावर कर कुणी बसवला आधी?" तो कांदा चिरता चिरता.
"आणि पूल कुणी जाळला?" मी.
डबेवाल्या काकूंना वाटतं, जिंतूरकडची भावकी असेल.

ऐंशी तास मी टाळलं.
दोन्हीकडचे जासूद सरायीत ताटकळले,
मी आपला डोंगरात पाला खुडत हिंडलो,
एका म्हातारीची शेळी शोधून दिली, दोनदा.
शेवटी शपथ घेतली. खरं सांगू?
चिलखताचा निळा रंग आवडला.

ओरवाड मंगळवारी पडलं, लाइट जाऊन आल्यावर.
धुरात समोर येईल त्याला मारत सुटलो.
मग बाण संपले, सवयीनं लोहारणीकडे वळलो.
ब्रेहा पालथी. पाठीत तीन बाण,
तिच्याकडूनच घेतलेले, घासाघीस करून.
माझा भाता रिकामा, तिचा भाता थंड.

वैजनाथकडे ती आहे.
त्याच्याकडे नावाडी नाही; तो त्यानं बुडवला.

तो रात्रपाळीला हिंजवडीला गेला की
मी त्याचा सेव्ह उघडतो, बंडखोराच्या अंगरख्यात
पेठेतून सावकाश जातो.
"उधारी नाही हं, पाहुणं," ती म्हणते.
सांगेल त्या भावानं तीन बाण घेतो
आणि सेव्ह न करता बाहेर पडतो.

परवा माझा सेव्ह उघडला, तर
वीस मोहरा कमी,
आणि नदीच्या उताराशी, जिथं मी कधीच जात नाही,
होडीत बसलेला मी.