कोबाको

पूल वाहून गेला, त्याला नऊ दिवस झाले.
नारीन नदीच्या अलीकडे बेगायिम,
पलीकडे पॉपलरचं एकटं झाड,
बाप आणि मेंढ्या.

झाडासमोर तिने दगड ठेवला.
काठाकाठाने चाळीस पावलं, तिथे काठी रोवली.
आणखी चाळीस.
मग काटकोनात वळून नदीपासून लांब लांब,
सारखी मागे बघत,
काठीआड झाड जाईपर्यंत.

तोक्तोसुन मास्तर, गुडघ्यावर वही:
"कारण सांग."

काटकोन, काटकोन.
चाळीस, चाळीस.
काठीपाशी समोरासमोरचे कोन,
विरुद्ध, म्हणूनच समान.
"कोबाको," ती म्हणाली. दात वाजत होते.

म्हणजे ही चाललेली सत्तावन्न पावलं
हीच ती न चाललेली.
एक त्रिकोण गवतात, बुटांना शेण लागलेला,
दुसरा जवळजवळ सगळा पाण्यावर,
त्याला कुणाचाच पाय लागला नाही.

मास्तरांनी दोराची लांबी लिहिली,
वर गाठींसाठी सहा पावलं. गाठी सिद्धतेत येत नाहीत.

पलीकडे बापाने हात हलवला.
आपण शिरोबिंदूवर उभे आहोत
हे त्याला कुठून कळणार?
तो आपला झाडाला टेकून
मेंढ्या मोजत होता,
पुन्हा एकदा, पहिल्यापासून.