शेरा

पहाटे साडेपाचला पाषाण तलावात जाळं ओढतो,
मी आणि तुळशीराम नगरे.
एकवीस चिलापी, चार मांगूर,
आणि एक सकर,
बाणेरच्या कुठल्याशा फ्लॅटमध्ये
काच चाटून चाटून वाढलेला;
टाकीत मावेना तेव्हा
पिशवीतून आणून सोडला असेल कुणीतरी,
हात जोडून, बहुधा.

लांबी, वजन. मग खड्डा, चुना, माती.
फिरायला आलेल्या बाई थांबतात,
"अहो, जिवंत आहेत अजून!"
हो, म्हणतो मी.

नगरे सांगतो, इथं मरळ होती,
लालबुंद पिलांचा घोळका सांभाळत फिरायची.
हातानं दाखवतो, एवढी.
दरवर्षी ती थोडी वाढते.

ऑफिसच्या कपाटात जुनी वही सापडली:
'चिलापी बीज, नग पाच हजार, सोडले.
शेरा: समाधानकारक.'
खाली माझाच हुद्दा,
सही दुसऱ्याची. अक्षर माझ्याहून चांगलं.

मी त्याच रकान्यांत भरतो,
एकवीस. चार. एक.

नगरे जाळं झटकतो.
बोटभर काहीतरी चंदेरी
आसातून निसटतं पाण्यात.
"काय होतं रे?"
"दिसलं नाही, साहेब."
त्याला दिसलं होतं.