बी पाळीचा शिक्का

देवळालीच्या लिलावातून आली तेव्हा
तिला चाकं तीनच होती.
चौथ्याच्या जागी बाभळीचा ओंडका.
ट्रेलरवरून उतरवताना मागचं फाटक
बिजागऱ्यांसकट माझ्या हातात आलं.
तौसिफ म्हणाला, चाचा,
ही जीप नाय, पापड आहे.

मालक गंगापूर रोडचा पोरगा, ऋग्वेद.
त्याला हरिहरच्या पायथ्यापर्यंत न्यायचीय ती,
चिखलातून, दगडांवरून.
"काका, एकदम फौजी वाटली पाहिजे."
बाळा, फौजी आहेच ती.
फक्त उभं राहता येत नाही आता.

पहिला आठवडा नुसता खरवडण्यात गेला.
पांढऱ्याखाली पिवळा,
पिवळ्याखाली निफाडकडच्या कुणा बागाइतदाराचा मोरपंखी,
त्याखाली बोटभर लांबी,
आणि लांबीखाली, भोक बुजवायला ठोकलेला
कुठल्यातरी पाटीचा पत्रा.
त्यावर 'दा' एवढंच अक्षर शाबूत.
कांदा असणार.
किंवा वायदा.
सगळ्यात खाली तो हिरवा,
झाडाचा नव्हे, शेवाळाचाही नव्हे,
हुकुमाचा हिरवा.

सातपूरला मी प्रेस शॉपला होतो, सव्वीस वर्षं.
एका दणक्यात बॉनेट.
एका दणक्यात मडगार्ड.
पाळी संपेपर्यंत कानात समुद्र.
आता तेच मडगार्ड
लाकडी मोगरीनं, वाळूच्या पिशवीवर
चार दिवस घेतं.
प्रेस काही विचारायचा नाही.
हातोडी दर ठोक्याला विचारते, इथं?
पत्रा ऐकतो, पण एक ठोका जास्त झाला की फुगून बसतो,
मग गॅसनं लाल करायचा
आणि ओल्या फडक्यानं समजूत काढायची.

मजला कापताना,
ड्रायव्हरच्या सीटखालच्या आडव्या पट्टीवर,
गंजाचा पापुद्रा उडाला आणि शिक्का दिसला.
मी चष्मा पुसला.
आमच्या पाळीचा त्रिकोण असायचा.
हा गोल.

गोल म्हणजे बी पाळी.
गोल म्हणजे पुंजाराम खैरनार,
ज्याच्याशी एका बदली सुट्टीवरून
मी एकोणीस वर्षं बोललो नाही,
आणि नंतर बोलायला तो उरला नाही.
त्याच्या पत्र्याच्या कडेला धार राहते,
जोडणारांचे हात कापतात,
असं कॅन्टीनमध्ये मी सांगत फिरायचो.

हातमोजा काढला.
कडेवरून अंगठा नेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
परत उलटा आणला.

पट्टी ठेवण्यासारखी नव्हती. कापली.
भद्रकालीचा भंगारवाला चार वाजता यायचा होता.
तौसिफनं ढिगावर टाकायला उचललीही.
थांब म्हटलं.
शिक्क्याभोवतीचा काडेपेटीएवढा चौकोन
अजून घट्ट होता.
नव्या पट्टीत तेवढीच खिडकी पाडली,
चौकोन बसवला, चारी बाजूंनी टाके मारले,
घासून सपाट केला.
वर प्रायमर. वर हुकुमाचा हिरवा.
सीट बसली की कुणाला दिसायचा नाही,
आणि ऋग्वेदच्या बिलात तो धरलेलाही नाही.

तौसिफ म्हणाला, यानं मजबुती वाढली का?
नाही.
उलट चार सांधे वाढले,
चार जागी गंज धरू शकतो.
मग?
मी त्याला चहा सांगायला पाठवलं.

अंगठा अजून बघतोय.
कापलेला नाही.

उद्या पुढच्या काचेची चौकट घ्यायची.
तिचा डावा कोपरा तीन सूत बाहेर आहे,
कुठंतरी, कधीतरी, काहीतरी आदळलेलं.
अंबडला शनिवारी दुपारी वीज जाते.
तोवर जेवढं सरळ होईल, तेवढं.