शेवटची तारीख

यावल स्टँडसमोर माझं दुकान : झेरॉक्स, फॉर्म, लॅमिनेशन.
रिहाना तडवी विचारते,
“दादा, शेवटची तारीख नेमकी कोणती?”

बिनादंडाची काल गेली.
दंडासह आज.
व्हॅलिडिटीची सध्या पावती चालेल,
मूळ कागद दुसऱ्या फेरीआधी.
मुदतवाढ येते कधीकधी,
तिच्या भरवशावर झोपू नये.

साइट रात्री बारापर्यंत.
पालची गाडी पावणेसहाला.

ओटीपी भावाच्या फोनवर, दहा मिनिटांचा.
भाऊ केळीत, घड उतरवतोय,
हात चिकानं काळे.
“उचल ना रे भो…”

मी दारातून ड्रायव्हरला हात केला.
त्यानं घड्याळ पाहिलं,
तिच्याकडे पाहिलं,
इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली.

“चार… सात… परत सात…
पुढचा काय म्हणाला?”