दोर ओढणाऱ्याचा वाटा

माउईच्या डोंगरावर, पत्र्याच्या खोलीत, त्र्याहत्तर साली
नोहेआ कालेइकिनीला कुणी सांगितलं नव्हतं
की इथे काही घडतं आहे.
सांगितलं होतं एवढंच : अँटेनाचं तोंड ओआहूकडे ठेव,
गंज खरवड,
आणि किती निरोप बुडाले ते वहीत लिही.

बुडत होते. पुष्कळ.
बेटं अनेक, हवेतली वाट एकच;
दोघं एकदम बोलले की दोघांच्याही बोलण्याचं पाणी.
घंटा लावता आली असती. रांग, पाळी,
वर एखादा मुकादम.
पण होनोलुलूच्या त्या दाढीवाल्या पोरांनी ठरवलं :
कुणी कुणाची परवानगी मागायची नाही. बोलायचं.
पोच आली नाही तर थांबायचं,
ज्याने त्याने आपापल्या लहरीइतकं,
आणि पुन्हा बोलायचं.

नोहेआ खूप हसली होती.
सात भावंडांत वाढलेल्या मुलीला हे शिकवता?

मग पत्रं येऊ लागली, न ऐकलेल्या गावांची.
एक बर्गनहून, शाई ओलीने फुटलेली :
तुमची रीत आम्हाला वापरायची आहे,
किंमत कळवावी.
तिने साहेबांना विचारलं.
ते सोल्डरच्या धुरातून म्हणाले, तिकिटाचे पैसे मागव.
नाही, तेही राहू दे.

त्या रात्री तिला आजोबांचं जाळं आठवलं.
वाळूवर दोन दोर, आणि हाक.
ज्याचा हात दोराला लागला त्याचा वाटा मासळीत,
मग तो वाटसरू असो,
की ओल्या टोकाला नुसतं लोंबकळणारं पोर.
आजोबा नाव विचारत नसत.
तळवे बघत, लाल आहेत का.

कुणी श्रीमंत झालं पुढे. कुणी कुंपणं घातली, दारं, पावत्या.
नोहेआची वही बुरशीने खाल्ली,
बुडालेल्यांचे आकडे तेवढे पुसट दिसतात,
आणि समासात, तिच्याच अक्षरात, "पुन्हा".

आता रविवारी ती मोलोकाईच्या बहिणीला फोन लावते.
पडद्यावर माहिनाचं अर्धंच कपाळ.
आवाज उशिरा पोचतो,
दोघी एकदम बोलतात,
दोघी एकदम गप्प.

नोहेआ थांबते.
किती, ते ठरवत नाही.